आजीचे वर्ष आणि घरातील ख्रिस्तसभा

(कौटुंबिक श्रद्धाशिक्षण)

वाचन : २ तीमथ्य १:३-७, अनुवाद ६:४-९, मत्तय ५:२३-२४



संत पौल बंदिवासातून आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्र लिहितो. पत्राच्या आरंभीच तो तीमथ्याच्या श्रद्धेची आठवण काढतो आणि ती प्रथम कोणाच्या ठायी होती हेही नाव घेऊन सांगतो. ती होती त्याची आजी लोईस. तिच्याकडून ती श्रद्धा त्याची आई युनीके हिच्याकडे आली आणि मग तीमथ्याकडे. तीमथ्याचे वडील ग्रीक होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत (१६:१) म्हटले आहे. तरीही त्याला लहानपणापासून पवित्र शास्त्राची ओळख होती. ती त्याला घरातल्या या दोन स्त्रियांनी करून दिली असणार.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात कुटुंबाला 'घरातील ख्रिस्तसभा' म्हटले आणि आईवडील हे आपल्या मुलांचे पहिले श्रद्धाशिक्षक आहेत असे शिकवले. दिवंगत पोप फ्रान्सिस आपल्या आजीकडून आपल्याला श्रद्धा मिळाली असे अनेकदा सांगत. त्यांनीच २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबा आणि वृद्ध यांचा जागतिक दिन म्हणून साजरा करण्यास सुरुवात केली. प्रभू येशूचे आजीआजोबा मानले जाणारे संत योआकिम आणि संत अ‍ॅना यांचा सण २६ जुलैला असतो, त्याच्या आसपास हा रविवार येतो.

हे सारे आपण प्रवचनांतून ऐकतो. परंतु घरातील ख्रिस्तसभा म्हणजे नेमके काय, हे आम्हा भावंडांना आमच्या आजीने कोणताही दस्तऐवज न वाचता दाखवले. तिला जेमतेम सही करता येत असे. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई. शब्दांचा अर्थ न कळताही तिने ती उत्तरे पाठ केली होती. पुढे मिस्सा मराठीतून होऊ लागली, तेव्हा "आता देव आपल्या ओटीवर येऊन बोलतो," असे ती म्हणे. तिचे वर्ष कसे जाई, ते आज आपण पाहू या.

आगमनकाळ आणि नाताळ

ख्रिस्तसभेचे वर्ष आगमनकाळाने सुरू होते. आमच्या वसईच्या वाडीत तोवर भाताची झोडणी झालेली असे आणि अंगणात पेंढा रचलेला असे. आजी त्यातला थोडा चांगला पेंढा बाजूला काढून ठेवी. घरातल्या मुलाने एखादे चांगले काम केले की त्याला एक काडी मिळे. शेजारच्या म्हातारीला विहिरीचे पाणी आणून दिले तर एक काडी, भांडण आपणहून मिटवले तर दोन. नाताळच्या रात्री त्या काड्या गोठ्यात बाळ येशूच्या खाली अंथरायच्या. "बाळाला टोचू नये एवढा तरी पेंढा जमवा," असे ती म्हणे.

त्या वर्षी आमच्या घरात एक दुःखाची गोष्ट घडली होती. वाडीच्या बांधावरून आणि विहिरीच्या वाटेवरून आमचे वडील आणि मोठे काका यांच्यात तंटा झाला. अंगण एकच, पण दोन घरांतले बोलणे बंद झाले. काकांच्या मुलांना आमच्या ओटीवर यायची मनाई झाली. आम्हालाही तिकडे जायला बंदी होती. आजीने मात्र त्या मुलांच्या वाटच्या काड्या एका डब्यात वेगळ्या ठेवल्या. नाताळच्या रात्री आमच्या काड्यांबरोबर तिने त्याही अंथरल्या. आम्ही म्हटले, "आजी, ते तर आलेच नाहीत." ती म्हणाली, "ते आले नाहीत म्हणून बाळाने थंडीत झोपायचे का?"

प्रायश्चित्त काळ आणि ईस्टर

गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेली झावळी आजी क्रुसामागे खोचून ठेवी. राखेच्या बुधवारापूर्वी ती चर्चमध्ये नेऊन देई, कारण त्याच झावळ्यांची राख आपल्या कपाळी लागते. चाळीस दिवस ती चहात साखर घेत नसे. स्वयंपाकाला तांदूळ काढताना दर वेळी एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकी. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात ते मडके गावाबाहेरच्या एका गरीब कुटुंबाकडे जाई. मडके पोचवायला ती आम्हा मुलांपैकी एकाला सोबत नेई, परंतु दारात पोचल्यावर आम्हाला बोलू देत नसे. देणाऱ्याने जास्त बोलू नये, असा तिचा नियम होता.

त्या वर्षी पवित्र आठवड्यात ती कबुलीसाठी जायला निघाली आणि अंगणातच थांबली. मग वळून मोठ्या काकांच्या दारात गेली. तंटा तिचा नव्हता. तरीही तिने दारातून सांगितले, "बाबा, तुम्हा दोघांना एकत्र ठेवणे मला जमले नाही. मला माफ कर." काका आत बसून होते. ते बाहेर आले नाहीत. आजी पदर सावरून चर्चकडे चालू लागली.

वेदीजवळ अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर आधी जाऊन समेट करावा, असे प्रभू येशू डोंगरावरील प्रवचनात शिकवतो. येथे एक गोष्ट लक्षात घेऊ या. चूक कोणाची, हे प्रभू विचारत नाही. ज्याला आठवले त्याने जायचे. आजीला आठवले, म्हणून ती गेली. पलीकडचे दार उघडले नाही, तरी तिचे जाणे वाया गेले नाही, हे आम्हाला पुढे कळले.

मे महिना आणि पावसाळा

मे महिना पवित्र मरियेचा. संध्याकाळी वाडीतल्या क्रुसाजवळ मेणबत्त्या लावून सगळी आळी जमे. आजी वाडीतला मोगरा ओंजळीत घेऊन येई. प्रार्थना झाल्यावर मुलांना उकडलेले चणे मिळत. खरे सांगायचे तर आम्ही पुष्कळदा चण्यांसाठीच जात असू. आजीला ते ठाऊक होते. "चण्यासाठी या, पण या," असे ती म्हणे.

पाऊस सुरू झाला की पेरणी, आवणी आणि चिखल यांत दिवस जाई. रोज मिस्साला जाणे होत नसे. दुपारी बाराच्या घंटेला ती शेतातच कंबर सरळ करून उभी राही आणि देवदूताच्या वंदनेची प्रार्थना म्हणे. अनुवादाच्या पुस्तकात देवाने सांगितले आहे की, त्याची वचने मुलांना शिकवावीत. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलावे. आजीने आम्हाला बसवून धर्मशिक्षण दिले नाही. ती काम करीत असताना आम्ही तिच्या आसपास असू, एवढेच.

नवीन भाताच्या लोंब्या आल्या की पहिली जुडी चर्चमध्ये जाई. ती आशीर्वादित होऊन आल्यावाचून आमच्या घरी नवा तांदूळ शिजत नसे.

ऑक्टोबर : जपमाळेचा महिना

पूर्वी रोझरीला दोन्ही घरे आमच्या ओटीवर बसत. तंट्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये आजीने आपला पाट उचलला आणि अंगणाच्या मधोमध, दोन्ही घरांना सारख्याच अंतरावर मांडला. "आज इथे," एवढेच ती बोलली. आम्ही तिच्याभोवती बसलो. ती 'नमो मरिया' म्हणे, आम्ही 'पवित्र मरिये' म्हणून उत्तर देत असू. आवाज ती मुद्दाम मोठा ठेवी. पलीकडच्या घरातला दिवा दिसे, माणूस दिसत नसे.

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी आम्हापैकी दोघे तापाने आजारी होते आणि बाकीचे अजून घरी परतले नव्हते. आजी एकटीच बसली. तिने 'नमो मरिया' म्हटले आणि उत्तराला कोणी नव्हते. ती थांबली. तेव्हा पलीकडच्या ओटीवरून मोठ्या काकांच्या आवाजात 'पवित्र मरिये' ऐकू आले. आम्ही खिडकीतून पाहत होतो. आजीने मान वळवली नाही. तिने पुढचा मणी घेतला. पाचही रहस्ये त्या दोघांनी तशीच पूर्ण केली, ती अंगणात आणि ते आपल्या ओटीवर.

जमिनीचा तंटा त्यानंतरही काही वर्षे चालला. ते आम्ही लपवत नाही. परंतु दुसऱ्या दिवसापासून काकांची मुले अंगणात येऊन बसू लागली आणि एकमेकांकडे पाठ फिरवून जाणे बंद झाले.

नोव्हेंबर : मृतांचे स्मरण

२ नोव्हेंबरला आजी आम्हाला दफनभूमीत नेई. आमच्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की ज्या कबरीवर कोणी आलेले नाही, अशी एखादी शोधून तिथेही एक लावायला सांगे. आज त्याच दफनभूमीत ती विसावली आहे.

आजी गेल्यानंतर

बंधुभगिनींनो, इथवर सांगितले तो आजीचा भाग. आता आमचा. तिच्या सातव्या दिवसाची मिस्सा झाली, पाहुणे गेले आणि आठव्या संध्याकाळी जपमाळ कोणी सुरू करायची हेच कळेना. प्रत्येकाला वाटले, दुसरा कोणी करील. मग टीव्ही लागला. एक दिवस चुकला, मग आठवडा, मग वर्ष. कोणी ठरवून प्रार्थना बंद केली नाही. ती नुसती सुरू झाली नाही.

पुढे आमच्यातल्या एकाचा मुलगा प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी करीत होता. 'आपल्या घरी कोणत्या प्रार्थना म्हणतात ते लिहून आणा,' असा गृहपाठ त्याला मिळाला. त्याने पान कोरे ठेवले आणि आम्हाला विचारले, "आपल्या घरी काय म्हणतात?" आम्हाला उत्तर देता आले नाही. त्या संध्याकाळी आम्ही मोठ्या काकांकडे गेलो, कारण आजीची लितानी आता फक्त त्यांनाच तोंडपाठ होती. ते थकले होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितले, मुलाला जवळ घेतले आणि सुरुवात केली.

आपण काय शिकतो?

१. श्रद्धा वारशाने आपोआप मिळत नाही. लोईसची श्रद्धा तीमथ्यापर्यंत पोचली, कारण मधल्या युनीकेने ती पुढे दिली. आज मधली पिढी आपण आहोत.

२. घरातील प्रार्थनेला मोठी तयारी लागत नाही. कोणीतरी सुरुवात करावी लागते.

३. प्रार्थना आणि समेट वेगळे करता येत नाहीत. ज्याच्याशी आपण बोलत नाही, त्याच्यासाठीही आपल्या पाटाजवळ जागा ठेवावी.

४. आपल्या घरात वृद्ध माणसे आहेत तोवर त्यांच्या प्रार्थना, गीते आणि आठवणी लिहून घ्याव्यात.

चिंतनासाठी प्रश्न

आपल्या मुलाला वरचा गृहपाठ मिळाला, तर तो काय लिहील? आपल्याला श्रद्धा कोणाकडून मिळाली आणि त्या व्यक्तीचे आपण कधी आभार मानले का? कोणाच्या दारात जायचे आपण टाळत आहोत?

या आठवड्याचा संकल्प

एक संध्याकाळ ठरवून टीव्ही आणि मोबाईल बाजूला ठेवू या. संपूर्ण रोझरी जमत नसेल, तर एकच रहस्य म्हणू या. सुरुवात घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीने करावी आणि उत्तर सर्वांत लहान मुलाने द्यावे.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या आजीआजोबांसाठी आम्ही तुझे आभार मानतो. जे हयात आहेत त्यांना आरोग्य दे, जे तुझ्याकडे आले आहेत त्यांना चिरशांती दे. आमची घरे पुन्हा प्रार्थनेची घरे कर आणि दुरावलेल्या भावंडांना एका अंगणात आण. आमेन.