गाडीच्या कागदावरचे ग्रॅम

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं, पुन्हा रात्री दोनपर्यंत गाड्यांच्या जाहिराती चाळत बसली होतीस. "ताई, कार्बनची मर्यादा आणलीय म्हणे, आज घेतलेली गाडी उद्या बंद करतील का?" नाही गं बाई. आधी चहा ठेव.

बघ, युरोपातली ती मर्यादा तुझ्या गाडीवर नाहीच, कंपनीवर आहे. वर्षभरात तिच्या जेवढ्या नव्या गाड्यांची नोंदणी झाली, त्या सगळ्यांची सरासरी काढतात. आपल्याकडे महिन्याचं तेल ठरलेलं असतं ना? रविवारी पुऱ्या तळल्या की आठवडाभर उकडलेल्यावर भागवायचं, पण डबा महिनाअखेरपर्यंत पुरवायचा. तसंच हे. भरपूर पेट्रोल पिणाऱ्या गाड्या खपवल्या की इलेक्ट्रिकही खपवाव्या लागतात. सरासरी ठरल्यापेक्षा वर गेली, तर जादा ग्रॅममागे, तेही प्रत्येक नव्या गाडीमागे, 95 युरो दंड. कंपन्यांनी कुरकुर केली म्हणून 2025 ते 2027 चा हिशोब एकत्र धरायचं ठरलं. आणि तुला धडकी भरवणारं ते 2035 साल? तेही नव्या नोंदणीचंच. त्यावरून ओढाताण चालूच आहे. तू त्यापायी झोप घालवू नकोस.

तुझ्या खिशाला लागतो तो इथला, जर्मनीतला, गाडीचा वार्षिक कर. तिथे मी तोंडावर आपटलेय. खरं सांगू का, आमची पहिली गाडी मी डिकी बघून घेतली. 2016 ची सेकंडहँड, दोन लिटरची डिझेल, सासर-माहेर सामानासकट मावेल अशी. थोड्याच दिवसांत कस्टम्सचं पत्र! मला वाटलं, आईनं पाठवलेलं लोणचं पकडलं. घाबरत शेजारणीकडून वाचून घेतलं, तर इथे गाडीचा करही तेच खातं घेतं. 300 युरो. त्यातले 190 इंजिनाचे, 110 कार्बनचे. लोणचं परवडलं असतं.

2021 पासून पहिल्यांदा नोंदलेल्या गाड्यांना तर दर चढता आहे. किलोमीटरमागे 95 ग्रॅमपर्यंत कार्बनचं काही नाही, पुढच्या ग्रॅमला 2 युरो, मग वाढत वाढत 195 च्या वर 4. तू पाठवलेली ती लाल छोटी, एक लिटर पेट्रोल, 120 ग्रॅम: वर्षाला 71 युरो. तुझ्या नवऱ्याला आवडलेली उंच गाडी, दीड लिटर, 160 ग्रॅम: 178. घेऊच नका असं नाही म्हणत मी, पण हा आकडा सही करायच्या आधी कळू दे, माझ्यासारखा नंतर नको.

तर आता एवढंच कर. विकणाऱ्याकडून नोंदणीच्या कागदाचा फोटो मागव. 'बी' रकान्यात पहिल्या नोंदणीची तारीख असते, 'व्ही.7' मध्ये ग्रॅम. दोन्ही मला पाठव, मग शनिवारी आपण दोघी जाऊन गाडी बघून येऊ.