कोनाड्यातील पेला

वाचन : मत्तय १८:२३-३५, याकोब ५:१-४, कलस्सैकरांस ४:१

रामटेक येथील एका ख्रिस्ती घरी आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. सकाळची कौटुंबिक प्रार्थना भक्तिभावाने झाली. मग चहा आला. आम्हांस पेला मिळाला तो बशीसह. भांडी घासणाऱ्या बाईने मात्र परसदाराच्या कोनाड्यात उपडा घातलेला, कान तुटलेला पेला स्वतः उचलून पुढे धरला. घरधनिणीने त्यात वरून चहा ओतला. पिऊन झाल्यावर बाईने तो विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवला. कोणास काही वावगे वाटले नाही. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हांसही वाटले नाही. परत येत असता वाटेत आठवले की, आमच्या आजोबांच्या ओंजळीत लोक अशाच रीतीने वरून पाणी ओतीत असत.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज दुसऱ्याच्या दारी राबणारे होते. स्टीफन हिस्लॉप साहेब १८४५ साली नागपुरास आले. त्यांच्यामागून आलेल्या अनेकांच्या श्रमांनी या प्रांतात मंडळ्या उभ्या राहिल्या. ज्यांस कोणी जवळ उभे करीत नव्हते, त्यांस देवाने पुत्र म्हटले. आज आपल्यापैकी कित्येकांस शिक्षण आहे, पगार आहे आणि घरी कामास बाईही आहे. हा आशीर्वादच होय. परंतु आशीर्वादाबरोबर जुन्या धन्याची रीतही आपण घरात घेतली काय, हा प्रश्न आहे.

प्रभूच्या दाखल्यातील चाकराकडे पाहा. त्याचे देणे दहा हजार तालांत होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. हे देणे जन्मोजन्मी फिटणारे नव्हते. राजाने ते सोडून दिले. तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. त्याचा अपराध कोणता? आपण कोठून सुटून आलो हे तो दाराबाहेर पडताच विसरला. ख्रिस्ती माणसाचे ढोंग बहुधा येथूनच सुरू होते.

आता तीन गोष्टींत आपली परीक्षा करू.

पहिली गोष्ट, पेला. वेगळ्या भांड्याबद्दल विचारिले असता कोणी म्हणतो, "स्वच्छतेसाठी", कोणी म्हणतो, "तिलाच संकोच वाटतो." स्वच्छता हवी तर सर्व पेले एकाच राखेने घासावे. संकोच तिला असेल तर तो कोणी शिकविला? जोतीराव फुले ख्रिस्ती नव्हते. तरी १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. लक्ष्मीबाई टिळक यांची गोष्ट 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाई सोवळे पाळीत. मग जात माणसाने केली आहे अशी त्यांची खात्री पटली, व बाप्तिस्म्याआधीच त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. त्यांनी बाप्तिस्म्याआधी जे टाकिले, ते आपण बाप्तिस्म्यानंतर कोनाड्यात जपून ठेवावे काय?

दुसरी गोष्ट, मजुरी. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ राहू नये, असे नियमशास्त्र सांगते (लेवीय १९:१३). ती सूर्यास्ताआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो (अनुवाद २४:१५). आपण मात्र दानपेटीत नोट टाकितो आणि बाईस म्हणतो, "पुढच्या आठवड्यात पाहू." आजारपणाचे चार दिवस कापितो. सालदारास पाडव्याला उचल देऊन वर्षभर त्याचे तोंड बंद ठेवितो. उचलीच्या बदल्यात माणूस बांधून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगारीविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. घरकाम करणाऱ्यांच्या कल्याणासाठी महाराष्ट्राने २००८ साली निराळा कायदा केला. सरकारास जे दिसले, ते पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास दिसू नये, ही लाजेची गोष्ट होय. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे याकोब म्हणतो. म्हणजे आपल्या प्रार्थनेआधी तिची प्रार्थना वर पोहोचलेली असते.

तिसरी गोष्ट, विसावा. शब्बाथाची आज्ञा आपणांस पाठ आहे. परंतु तीत दास व दासी यांचे नाव आहे, हे आपण विसरतो. त्यांसही तुझ्याप्रमाणे विसावा मिळावा, असे अनुवाद ५:१४ सांगते. आपण उपासनेत विसाव्याची गीते गातो, तेव्हा आपल्या चुलीपुढे कोण उभे असते? नाताळच्या दिवशी सर्वांत उशिरा कोण जेवते?

या गोष्टी लहान नव्हेत. रामटेकहून जवळच असलेल्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी लोकांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ख्रिस्ती झालेल्यांतही जातिभेद टिकून आहे, हा आक्षेप त्यांनी आपल्या लेखांतून घेतला होता. त्यावर रागावण्याचा अधिकार आपणांस केव्हा येईल? कोनाडा रिकामा होईल तेव्हा. गडावरच्या यात्रेत आपण कितीही पत्रके वाटली, तरी आपल्या घरी भांडी घासणारी बाई तिच्या वस्तीत आपल्याविषयी जे सांगते, तेच पत्रक लोक खरे मानितात.

आपणांसही स्वर्गात धनी आहे, असे पौल बजावितो. तो धनी भोजनावरून उठला, कमरेस रुमाल गुंडाळिला आणि चाकराचे काम करून शिष्यांचे पाय धुतले. त्याच्या मेजावर आपण एकाच पेल्याचे वाटेकरी होतो. मग घरी दोन पेले कशाचे?

त्या घरी आम्ही पुन्हा गेलो आणि जे मनात आले ते नम्रपणे बोललो. घरधनीण बराच वेळ गप्प राहिली. मग उठून तिने कोनाड्यातील पेला काढून टाकिला. बाई पहिल्या दिवशी बशी हाती घेण्यास भ्याली, असे आम्हांस मागाहून कळले. ते भय जाण्यास काळ लागेल. परंतु ते घालविण्याचे काम तिचे नव्हे, आपले आहे.

उपदेशकांनी मंडळीत विचारावयाचे प्रश्न :

१. दाखल्यातील चाकर काय विसरला? आपण काय विसरलो आहो?

२. आपल्याकडे कोणाची मजुरी थकली आहे? ती या आठवड्यात केव्हा देणार?

३. आपल्या घरी काम करणाऱ्यांस रविवारी विसावा मिळतो काय? नसेल तर त्यांच्या वाट्याचे काम कोण करील?