बारावीला गणित कुठं आहे?

कॉलेज बदलू पाहणाऱ्या मुलामुलींना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पहिल्या वर्षाचे गुण कितीही चांगले असोत, नव्या ठिकाणी तुमची बारावी पुन्हा तपासली जाते. "एकदा कॉलेजात गेलीस की बारावीला कोण विचारतो?" हे मी आमच्या पाळी गावात, साखळीच्या बसमध्ये, पाहुण्यांच्या घरी इतक्यांकडून ऐकलं होतं की तो नियमच वाटायचा. सांगणारे प्रेमाने सांगत होते. पण त्यांच्यापैकी कुणी कधी कॉलेज बदललेलं नव्हतं.

मी २०१७ साली गोवा बोर्डाची बारावी विज्ञान शाखेतून पास झाले. गणिताऐवजी जिऑलॉजी घेतली होती. गोव्यात हा विषय हायर सेकंडरीला मिळतो आणि आमच्या भागात तो घेण्यामागे कारणही होतं. पाळीच्या आजूबाजूचा सगळा खाणपट्टा. घरातला कुणी ट्रकवर, कुणी खाणीच्या ऑफिसात. २०१२ च्या बंदीनंतर खाणी पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि भूगर्भशास्त्र शिकलेल्या मुलीला घराजवळच नोकरी मिळेल, असं बाबांना मनापासून वाटत होतं. "गणित अवघड, जिऑलॉजीत गुण मिळतात," असं हायर सेकंडरीतही सांगितलं गेलं. मग मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना, फेब्रुवारी २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाण लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. मार्चच्या मध्याला ट्रक थांबले. गावातल्या कितीतरी घरांचं उत्पन्न थांबलं आणि माझ्यासारख्यांच्या शिक्षणाचा हेतूही डळमळला.

गोव्यात औषधांचे कारखाने बरेच आहेत, तेव्हा रसायनशास्त्राकडे वळावं असं ठरवलं. दुसऱ्या वर्षाला दुसऱ्या कॉलेजात जाण्यासाठी अर्ज केला. पहिल्या वर्षाला माझे गुण वर्गात वरच्या क्रमांकाचे होते, बारावीची टक्केवारी मध्यम. रिकाम्या जागेसाठी अर्ज अनेक आले आणि यादी लागली ती बारावीच्या टक्केवारीवर, आणि मी मागे पडले. तेव्हा मला ते अन्यायाचं वाटलं. आज त्यामागचं कारण कळतं. पहिल्या वर्षाच्या परीक्षा कॉलेजं आपापल्या घ्यायची. एका कॉलेजातले ७० गुण आणि दुसऱ्यातले ७० गुण सारखे मानायचे कसे? बोर्डाची परीक्षा मात्र सगळ्यांनी एकच दिलेली असते. प्रवेश समितीच्या हातात तेवढंच समान माप असतं. तरीही वर्षभर घेतलेल्या मेहनतीला थोडं तरी वजन मिळायला हवं, हे माझं मत आजही कायम आहे.

खरा धडा मिळाला तो पदवीनंतर. बीएस्सी झालेल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, ही गोष्ट आमच्याकडे फार कमी जणांना ठाऊक असते. एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, नियमांप्रमाणे पदवीला किमान ४५ टक्के हवेत, राखीव गटाला ४०. डिप्लोमावाल्यांच्या जागा भरल्यावर उरलेल्या जागांवर बीएस्सीवाल्यांचा विचार तेव्हा व्हायचा आणि पहिल्या वर्षाचे इंजिनिअरिंग ड्रॉइंग व मेकॅनिक्स हे विषयही पास व्हावे लागायचे. मी हे सगळं करायला तयार होते. माझी मार्कलिस्ट पाहून प्रवेशाच्या खिडकीतल्या माणसाने सौम्यपणे विचारलं, "पदवीचे गुण चांगले आहेत गं, पण बारावीला गणित कुठं आहे?" अट तिथेच लिहिलेली होती: बारावीला गणित हा विषय घेऊन उत्तीर्ण.

बारावी दोन तऱ्हांनी आडवी येते आणि हा फरक नीट समजून घ्या. टक्केवारी कमी असेल तर ती तुम्हाला रांगेत मागे ढकलते. अर्ज कमी आले, जागा जास्त निघाल्या, तर मागचाही आत जातो. विषयच नसेल तर रांगेत उभंच राहता येत नाही. मग पदवीला ९० टक्के असले तरी उपयोग नाही.

गोवा विद्यापीठात २०२३-२४ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. दुसऱ्या सत्राच्या शेवटी त्याच विद्याशाखेत मुख्य विषय बदलण्याची मुभा यूजीसीच्या आराखड्यात आहे. क्रेडिट बँकेत तुमची क्रेडिटंही जमा होतात. पण क्रेडिट जमा असणं म्हणजे जागा मिळणं नव्हे. ज्या कॉलेजात जायचं तिथे जागा आहे का, तुमच्या बारावीचे विषय त्यांना चालतात का आणि यादी कशावर लावणार, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारा. उत्तर हातात येईपर्यंत जुन्या कॉलेजातून लिव्हिंग सर्टिफिकेट काढू नका. आमच्याच भागातल्या एका मुलाने तोंडी आश्वासनावर दाखला काढला. नवी जागा मिळाली नाही, जुनी गेली आणि वर्ष वाया गेलं. ना-हरकत दाखला (एनओसी) मागणं वेगळं, नाव काढून घेणं वेगळं.

परदेशात जाऊ पाहणाऱ्यांनाही हे लागू आहे, थोड्या वेगळ्या रीतीने. कॅलिफोर्निया विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला बदली मागणाऱ्याचे मुख्यतः कॉलेजातले गुण पाहतात, शाळेचे नाहीत. मात्र त्यासाठी दोन वर्षांइतकी क्रेडिटं आधी जमवावी लागतात. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत एकाच वर्षानंतर अर्ज केलात तर शाळेचे गुण मागतात. म्हणून नववीपासूनच्या सगळ्या मार्कलिस्टा जपून ठेवा.

ज्यांचं बारावीचं गणित आधीच राहून गेलंय, त्यांच्यासाठी एक वाट उरते. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, बारावीच्या पातळीवर एकट्या विषयालाही प्रवेश देते. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. अशी वेगळी मार्कलिस्ट आपल्याला हव्या त्या प्रवेशाला चालेल का, हे त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचून आणि पर्वरीला तंत्रशिक्षण संचालनालयात विचारून मगच फी भरा. आणि यंदा अकरावीचा फॉर्म भरणाऱ्यांनी जिऑलॉजी आवडत असेल तर ती जरूर घ्यावी, मीही पुन्हा घेईन. फक्त ती गणिताच्या जागी नको, गणिताच्या जोडीला घ्या.