मुलगी पंडिता व्हावी म्हणून

आजचं वाचन: बृहदारण्यक उपनिषद, सहावा अध्याय, चौथं ब्राह्मण, मंत्र १४ ते १८

हे ब्राह्मण प्रवचनात सहसा कुणी घेत नाही, कारण विषय गर्भाधानाचा आहे. पण आजचे पाच मंत्र मुलं वाढवणाऱ्या प्रत्येकाने एकदा सावकाश वाचावेत. कसं अपत्य हवं त्याप्रमाणे नवरा-बायकोने काय शिजवून, तूप घालून खावं, एवढंच त्यात आहे. गोरा, एक वेद शिकणारा मुलगा हवा तर दूधभात. पिंगट वर्णाचा, दोन वेदांचा हवा तर दहीभात. सावळा, लाल डोळ्यांचा, तीन वेदांचा हवा तर पाण्यात शिजवलेला भात. मग चौथा मंत्र येतो: मुलगी पंडिता व्हावी, पूर्ण आयुष्य जगावी असं वाटत असेल तर तिळाचा भात. पाचव्यात पुन्हा मुलगा, सगळे वेद जाणणारा आणि सभेत बोलणारा. त्यासाठी मांस घालून केलेला भात. (या पाचव्या मंत्राचा विषय आमच्या घरी लवकर बदलला जातो, ते असो.)

मी अडतो तो चौथ्यावर. इथे मुलगी झाली तर काय करायचं असा सूर नाही. ती मागितली आहे, तीही विदुषी म्हणून. पण मुलांचे वेद मोजून सांगितलेत, मुलीसाठी नुसतं ‘पंडिता’. कशात पंडिता, ते मूळ मंत्र सांगत नाही. ती रिकामी जागा भाष्यात भरली गेली. मुलीचं पांडित्य घरच्या व्यवहारापुरतं, कारण वेदाचा तिला अधिकार नाही, असा अर्थ शंकराचार्यांनी केला आहे. आचार्यांवर माझी श्रद्धा आहे, त्यांची स्तोत्रं आमच्या घरी रोज म्हटली जातात. तरी इथे मला मूळ मंत्र जास्त मोकळा वाटतो. याच उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात वचक्नूची मुलगी गार्गी जनकाच्या सभेत उभी राहून याज्ञवल्क्यांना विचारते, हे सगळं कशात ओवलेलं आहे? हा काही घरच्या व्यवहाराचा प्रश्न नव्हे.

मुलगा आणि मुलगी वाढवण्यातला फरक मला नेमका इथे दिसतो. मूळ इच्छा दोघांसाठी एकच असते: शिकावं, शहाणं व्हावं, खूप जगावं. फरक आपण रोज जोडत असलेल्या भाष्यात असतो. एकाच पूजेला मुलाला म्हणतात, ‘ये, बस, संकल्प सोड’, आणि मुलीला म्हणतात, ‘अगं, जरा फुलवाती आण.’ दोघंही कामाचीच आहेत, पण एक पाटावर बसलाय आणि एक आत-बाहेर करतेय. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम एकच, परमिशन वेगळ्या, आणि त्या कुणी दिल्या याची कुठे नोंद नाही.

सध्या हा प्रश्न आमच्या घरात पुस्तकातला राहिलेला नाही. धाकट्याला आठवं लागलंय, वैशाखात त्याची मुंज करायची आहे. मोठी दहा वर्षांची. याद्या करत होतो तेव्हा तिने विचारलं, ‘बाबा, माझी का नाही?’ आई म्हणाली, ‘अगं, मुलींची मुंज म्हणजेच लग्न.’ हे आईच्या मनचं नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातच तसं आहे: स्त्रीचा विवाह हाच तिचा वैदिक संस्कार, पतिसेवा म्हणजे गुरुकुलवास आणि घरकाम म्हणजे अग्निसेवा. पण हारीताच्या नावाचं एक वचन जुन्या निबंधग्रंथांनी जपलंय, त्यात स्त्रिया दोन प्रकारच्या सांगितल्यात. सद्योवधू, म्हणजे लगेच लग्न होणारी, आणि ब्रह्मवादिनी, जिला उपनयन, अग्निसेवा आणि वेदाध्ययन आहे. म्हणजे परंपरेत दोन्ही आवाज आहेत. कोणता उचलायचा ते घराने ठरवायचं असतं. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत हा संस्कार मुलामुलींवर होतो, आणि पौरोहित्य करणाऱ्या स्त्रियाही तिथे तयार झाल्यात.

मुलाच्या बाजूनेही थोडं. मुंजीत मुलाला अधिकार मिळतो, त्यासोबत कामंही मिळायची. समिधा आणायच्या, भिक्षा मागायची, गुरूच्या घरची गुरं राखायची. छांदोग्यात सत्यकाम जाबालाला गुरूंनी शिष्य करून घेतल्यावर आधी काय दिलं? ४०० रोडक्या गाई. त्यांच्या १,००० होईपर्यंत परत येणार नाही, असं म्हणून तो रानात गेला. आज मुलाच्या वाट्याचा अधिकार राहिला आणि गाई गेल्या. मुलीच्या वाट्याला गाई राहिल्या, अधिकार नाही. म्हणून फक्त मुलीला वर आणून भागणार नाही असं मला वाटतं. मुलालाही पाटावरून उठवून पानं वाढायला लावलं पाहिजे.

हिचं आणि माझं ठरलंय: मुंज दोघांची, एकाच दिवशी. जवळच्या एका पाठांतर वर्गात फक्त मुलगे घेतात, त्यामुळे तिथे धाकट्यालाही घातलं नाही. एक बाई घरी येऊन शिकवायला तयार झाल्यात. रविवारी सकाळी सातला दोघं शेजारी बसतात. मोठीचे उच्चार जास्त स्वच्छ आहेत, धाकट्याला ते खुपतं. जेवणानंतरची ताटं आता त्याच्याकडे आहेत, आणि ते त्याला त्याहून जास्त खुपतं.

आईचं मन अजून वळलेलं नाही. ‘लोक काय म्हणतील’ यापेक्षा तिची भीती खरी आहे. उद्या या पोरीच्या सासरी कुणी हसलं तर ते तिला एकटीला सोसावं लागेल, तुम्हाला नाही, असं ती म्हणते. यावर माझ्याकडे शास्त्रातलं उत्तर नाही. मी तिच्याशी वाद घालत नाही. परवा तिने मोठीला हाक मारून गायत्रीचा एक उच्चार दुरुस्त केला. तो तिने आजोबा संध्या करताना बाहेर बसून ऐकलेला होता. एवढंच झालं, त्यावर कुणी काही बोललं नाही.

उद्या पाचवं ब्राह्मण वाचू. त्यात गुरुपरंपरेची लांब यादी आहे, नुसती नावं, म्हणून बरेच जण ती ओलांडून पुढे जातात. तुम्ही ओलांडू नका. पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र, भारद्वाजीपुत्र... हे गुरू तिथे आपापल्या आईच्या नावाने नोंदले आहेत.