'पी' कोण होता?

1906 साली इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या प्राचीन गावाच्या उकिरड्यात ग्रेनफेल आणि हंट या इंग्रज संशोधकांना एका पपायरसचे तुकडे सापडले. एका बाजूला जमिनीची सरकारी नोंद, आणि पाठकोऱ्या बाजूवर कुणीतरी उतरवून घेतलेला ग्रीक इतिहास. सुरुवात नाही, शेवट नाही, लेखकाचं नावही नाही. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी निदान नाममुद्रा असते (तरीही वाद होतातच!), इथे तेवढाही आधार नाही. अभ्यासक या लेखकाला नुसतं 'पी' म्हणतात. पुढे फ्लॉरेन्स आणि कैरो इथले काही तुकडेही याच ग्रंथाचे मानले गेले.

आता हा 'पी' कोण, याची एवढी उठाठेव कशासाठी? कारण ज्या काळाबद्दल तो लिहितो, त्या काळाचा आपला मुख्य साक्षीदार झेनोफोन आहे, आणि दोघांचं पटत नाही. इ.स.पू. 395 मध्ये ग्रीक शहरं स्पार्टाविरुद्ध उठली. झेनोफोन सांगतो की इराणच्या क्षत्रपाने तिमोक्रातीसच्या हाती पन्नास टॅलेंट चांदीच्या किमतीचं सोनं पाठवून पुढारी फितवले. 'पी' ठामपणे म्हणतो की पैशाला कारण मानणाऱ्यांना खरं कळलेलंच नाही. स्पार्टाबद्दलचा राग त्याआधीपासूनच होता. म्हणजे एकाच्या मते लाच, दुसऱ्याच्या मते जुना राग. झेनोफोन स्पार्टाचा राजा अगेसिलाउसचा चाहता होता. मग 'पी' कुणाच्या बाजूचा, हे कळायला नको का?

उमेदवार बरेच आहेत. एदुआर्द मायर या जर्मन इतिहासकाराने थिओपॉम्पसचं नाव पुढे केलं. पण थिओपॉम्पस अलंकारिक आणि जहाल लिहिणारा म्हणून प्रसिद्ध, तर 'पी'ची भाषा अगदी कोरडी. एफोरसही जमत नाही: तो विषयवार मांडणी करायचा, आणि 'पी' थ्युसिडिडीससारखा उन्हाळा-हिवाळा धरून चालतो.

उरतो क्रॅटिपस. हॅलिकार्नेससचा डायोनिसियस सांगतो की थ्युसिडिडीसचं अपुरं काम त्याने पुढे नेलं आणि इतिहासात भाषणं घालण्यावर टीका केली. 'पी'च्या हाती आलेल्या मजकुरात खरंच एकही लांब भाषण नाही. मुद्दा आकर्षक आहे, पण एवढ्याशा तुकड्यांत भाषण नाही म्हणून अख्ख्या ग्रंथात नव्हतं असं थोडंच म्हणता येईल? शिवाय क्रॅटिपस बराच नंतरचा लेखक असावा, अशी शंका घेणारेही आहेत. मला विचाराल तर मी त्याचंच नाव लिहीन, पण पेन्सिलीने.

याकोबीला मात्र प्लातियाचा दाइमाखस हवा होता. 'पी'ला बिओशियाच्या संघराज्याची बारीक माहिती आहे: अकरा विभाग, प्रत्येकाचे साठ सभासद, हजार पायदळ, शंभर घोडेस्वार. झेनोफोनने यातलं काहीच नोंदवलेलं नाही. पण अथेन्समधले गट-तट, कोण कुणाच्या विरोधात होतं, हेही 'पी'ला तितकंच नीट ठाऊक आहे.