कात्री कुणाच्या हातात?

प्रश्न : माझी मुलगी जपानी ॲनिमेची वेडी आहे. ‘पाश्चात्त्य लोक आमचे ॲनिमे आणि मांगा कापतात, बदलतात,’ अशी तिची सारखी तक्रार असते. (‘आमचे’ म्हणते, हे विशेष!) यात तथ्य किती? आणि मुलांसमोर काय यावं, हे कुणी बघायलाच नको का?
— एक पालक, मुरुड (ता. दापोली, जि. रत्नागिरी)

उत्तर : तथ्य आहे. पण त्या एका तक्रारीत निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू.

पहिली गोष्ट वाहिन्यांच्या काटछाटीची. २०१४ साली ‘डोरेमॉन’ अमेरिकेत दाखवताना नोबिताचा ‘नोबी’ झाला, शिझुकाची ‘स्यू’ झाली, चॉपस्टिक्सच्या जागी काटे आले आणि येनचे डॉलर झाले. ‘वन पीस’मधल्या सांजीच्या तोंडची सिगारेट काढून तिथे लॉलीपॉप दिला गेला. दिग्दर्शक मियाझाकींच्या ‘नाउसिका’ या चित्रपटाची १९८५च्या अमेरिकी आवृत्तीत वीसेक मिनिटं कापली गेली. त्याचा धडा घेऊन त्यांच्या घिबली स्टुडिओने पुढे परदेशी वितरकांना काटछाट करू देण्याचंच नाकारलं. यातलं बरंचसं हास्यास्पद आहे. पण मूळ कृती जपानमध्ये शाबूत राहिली आणि आज ती कुणालाही मिळते.

शिवाय असं करणारे फक्त पाश्चात्त्यच नाहीत. पालकांच्या तक्रारींवरून २००८ साली आपल्याच सरकारने ‘शिनचॅन’ बंद केला होता. काही महिन्यांनी तो परतला, तो कात्री लावून. जपानमध्येही मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने हिरोशिमावरचा ‘बेअरफूट गेन’ हा मांगा (म्हणजे जपानी चित्रकथा) २०१२ साली शाळांच्या वाचनालयांत मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवायला लावला. देशभर ओरड झाली आणि पुढच्या वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला.

आता दुसरी गोष्ट. मला खरी काळजी तिची वाटते. गेल्या काही वर्षांत जपानी विक्रेत्यांवर दबाव येतो आहे तो कार्ड कंपन्यांमार्फत. डीएलसाइट या संकेतस्थळावर प्रौढांसाठीचा मजकूरही विकला जातो. तिथे आधी काही विषयांची नावं सौम्य करून पाहिली गेली. तरी एप्रिल २०२४मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने पैसे भरण्याची सोय थांबलीच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘मांगा लायब्ररी झेड’ बंद करावी लागली. छापील बाजारातून नाहीसे झालेले मांगा लेखकांच्या संमतीने वाचायला देणारं हे वाचनालय. पैसे स्वीकारणाऱ्या संस्थांनी करार संपवल्यावर ते चालवायचं कसं? त्याचे संस्थापक केन आकामात्सु स्वतः मांगाकार. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन ते २०२२ साली पाच लाखांहून जास्त मतांनी जपानच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आले. पण खासदाराने प्रश्न विचारायचा तरी कुणाला? बेकायदा मजकुराच्या व्यवहारात आपलं नाव अडकू नये, ही कंपन्यांची बाजू समजण्यासारखी आहे. मात्र जे जपानी कायद्याने विकता येतं, तेही या भीतीपोटी अडतं. इथे आदेश नसतो, सुनावणी नसते, निकालपत्रही नसतं.

याच्या शेजारी तुमच्याच गावच्या माणसाचा खटला ठेवून बघा. र. धों. कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, यांचा जन्म १८८२ सालचा, मुरुडचा. संततिनियमन आणि कामविज्ञान यांवर ते १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ साली त्यांना शिक्षा झाली. १९३४चा खटला तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच झाला! (हे सदर लिहिणाऱ्याने तो विसरू नये.) त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयांवरच्या मासिकात वाचकांनी तसे प्रश्न विचारले, तर उत्तर का देऊ नये, असा त्यांचा रोखठोक मुद्दा होता. कर्वे हरले, दंड भरला आणि मासिक मात्र १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. त्या अन्यायात निदान कलम माहीत होतं, फिर्यादी माहीत होता, न्यायाधीशासमोर बोलता येत होतं. म्हणूनच नव्वद वर्षांनीही त्या खटल्याची चूक दाखवता येते.

राहिला मुलांचा प्रश्न. बघायला हवंच, आणि ते पालकांनी बघावं. वयोगटाचं चिन्ह पाहावं, अधूनमधून मुलीशेजारी बसून एखादा भाग पाहावा. पंधरा वर्षांच्या मुलीसाठी जे अयोग्य, ते चाळिशीच्या वाचकासाठीही बंद करण्याचं मात्र कारण नाही. आणि पुढच्या वेळी तिने तक्रार केली, की तिला एवढंच विचारा : या काटछाटीविरुद्ध दाद कुठे मागायची? वाहिनीकडे, मंत्रालयाकडे किंवा न्यायालयात मागता येत असेल, तर भांडायला वाव आहे. कुठेच मागता येत नसेल, तर मुलीची तक्रार तिला वाटते त्याहून गंभीर आहे.