दावीद राजाच्या अभ्यासाविषयी

केळवे



इतिहासाच्या प्रबंधासाठी चिरंजीव भाच्याने प्राचीन इस्राएलचा राजा दावीद हा विषय घेतला आहे, तेव्हा राजाच्या थोरवीने दिपून जाण्याआधी ती थोरवी कोणी, केव्हा आणि कशी लिहून ठेवली याचा शोध घ्यावा.

बायबलच्या कथनाप्रमाणे बेथलेहेमच्या इशायाचा हा धाकटा मुलगा मेंढपाळ होता. ख्रिस्तपूर्व 1000 च्या सुमारास तो आधी हेब्रोन येथे आणि मग जिंकून घेतलेल्या जेरुसलेममध्ये, अशी एकूण चाळीस वर्षे राज्य करीत होता. दावीदाने महाकाय योद्धा गल्याथ याचा वध केल्याची कथा सर्वांच्या तोंडी आहे, परंतु ‘दुसरा शमुवेल’ या ग्रंथात तो वध एलहानान नावाच्या योद्ध्यानेही केल्याचे लिहिलेले आहे, हे फारसे कोणी वाचत नाही.

खरी कसोटी त्याच ग्रंथाच्या अकराव्या व बाराव्या अध्यायांत आहे. सैन्य राब्बा नगराला वेढा घालून बसले असता राजा राजधानीत राहिला, उरीया या आपल्याच सैनिकाची पत्नी बथशेबा त्याने आपलीशी केली आणि उरीयाला ठार करविले. तेव्हा नाथान संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा पुरुष, दरबारात आला आणि श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी हिरावल्याची गोष्ट सांगून राजाला त्याच्याच मुखाने दोषी ठरवून गेला. उलट, पुढील काळात रचलेल्या ‘पहिला इतिहास’ या ग्रंथात राब्बाचा वेढा येतो, राजा जेरुसलेमातच राहिल्याचेही येते, पण बथशेबा-उरीयाचा प्रसंग आणि नाथानाचा निषेध गाळलेला आहे. राजाचा कलंक जपून ठेवणारा शमुवेल ग्रंथाचा लेखकच अधिक विश्वासार्ह, असे म्हणण्यास हरकत नाही.

बायबलबाहेरचा पुरावा थोडा आहे. 1993 मध्ये उत्तर इस्राएलातील तेल दान येथे सापडलेल्या, ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातील अरामी शिलालेखात ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख बहुतेक अभ्यासक वाचतात. त्यावरून घराणे सिद्ध होते, पराक्रमाच्या कथा नव्हेत.

दावीदाच्या वारशाचा शोध मात्र दूर जाऊन घेण्याचे कारण नाही. दीडशे स्तोत्रांच्या ‘स्तोत्रसंहिते’तील 73 स्तोत्रांच्या शिरोभागी दावीदाचे नाव आहे, जरी ती सर्व त्याचीच असल्याचे अभ्यासक मानत नाहीत. पंडिता रमाबाईंनी 1922 मधील मृत्यूपूर्वी मूळ हिब्रू व ग्रीकवरून पूर्ण केलेल्या बायबलच्या भाषांतरातून ती मराठीत आली, तशीच इतर भाषांतरांतूनही आली. पुण्यात ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखले जाणारे, 1867 चे यहुदी प्रार्थनामंदिर ‘ओहेल दाविद’, म्हणजे दावीदाचा तंबू, याच नावाचे आहे. आणि कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जुन्या करारातील कथा मराठी कीर्तनांतून गायिल्या.

राजाची कथा कशी रचली जाते हे पाहण्याचे उदाहरण घराजवळही आहे: केळवे-माहीमच्या परिसरात राजा बिंबाचे नाव अजून घेतले जाते, आणि त्याची कथा सांगणाऱ्या महिकावतीच्या बखरीचे वेगवेगळ्या काळांतील थर इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी 1924 मध्ये प्रकाशित केलेल्या आवृत्तीत वेगळे करून दाखवले. चिरंजीवाने आधी त्या आवृत्तीची प्रस्तावना वाचावी, मग शमुवेल आणि इतिहास हे दोन ग्रंथ शेजारी ठेवावेत, आणि गाळलेल्या ओळींची यादी केल्यावाचून प्रबंधाचे पहिले प्रकरण लिहू नये.